शिंपल्यांची अंकलिपी

बोर्डीच्या किनाऱ्यावर मी पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा समुद्र जागेवर नव्हता.

साठी उलटेपर्यंत समुद्र न पाहिलेली बाई मी. आमच्या अमरावतीकडे पाणी म्हणजे विहीर, नाहीतर उन्हाळ्यात आटून जाणारी नदी, फार तर अप्पर वर्धा धरणाचा फुगवटा. त्यामुळं सुरूच्या बनातून चपला हातात घेऊन निघाले तेव्हा छाती धडधडत होती. बन संपलं आणि समोर नुसती ओली, करडी, चकाकणारी जमीन! पार अर्ध्या किलोमीटरवर एक पांढरी रेघ तेवढी हलत होती. डोक्यावर टोपली घेऊन एक मावशी चालल्या होत्या. त्यांना विचारलं, "समुद्र कुठं आहे हो?" त्या थांबल्या, माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "ओहोटी लागलीय. येईल दुपारपर्यंत." शेजारीण बाजाराला गेलीय असं सांगावं, इतकं सहज.

रोज दोनदा निघून जाणारा आणि दोनदा परत येणारा समुद्र! भरती-ओहोटी मी शंभर वेळा वाचली होती, शाळेत भूगोलाच्या पेपरात तिच्यावरचे गुणही मिळवले होते. पण त्या वाचण्यात पायाखाली खचणारी ही थंडगार रेती नव्हती, हा खारट वास नव्हता, आणि पाणी गेल्यावर मागं उरलेला हा पसारा तर नव्हताच. लहान, मोठे, पांढरे, जांभळट, फुटके, अखंड असे शिंपले हाताच्या अंतरावर पसरलेले. मी पदर खोचला आणि वेचायला लागले. मला इथवर आणलं होतं ते शिंपल्यांनीच.

एकतीस वर्षं मी एका तालुक्याच्या गावी ग्रंथपाल होते. 'ब' वर्गाचं वाचनालय, दोन खोल्या, वीस कपाटं. सकाळी वर्तमानपत्रं लावायची, संध्याकाळी देवघेव, मार्चमध्ये दाखल नोंदवही आणि कपाटं ताडून बघायची. एका वर्षी आलेल्या गठ्ठ्यात एक पुस्तक होतं, 'कोसबादच्या टेकडीवरून'. लेखिका अनुताई वाघ. दाखल क्रमांक टाकता टाकता सहज उघडलं आणि त्या रात्री घरी नेलं. शिंपले, बिया, पानं, खडे घेऊन आदिवासी मुलांना शिकवणारी ही बाई माझ्या मनात जी बसली ती उठलीच नाही. कोसबाद कुठं आहे म्हणून भिंतीवरच्या नकाशात पाहिलं, तर महाराष्ट्राच्या थेट दुसऱ्या टोकाला, गुजरातच्या उंबऱ्यावर. जाऊ कधीतरी, असं म्हणत नोकरी संपली.

निवृत्तीनंतर घरात मी आणि अकराशे पुस्तकं. मनात एकच घोळत होतं, एखाद्या लहान गावात जाऊन राहावं, ही पुस्तकं मांडावीत, मुलांना वाचून दाखवावं. त्यासाठी महाबळेश्वरजवळचं भिलारही पाहून आले. ४ मे २०१७ पासून ते 'पुस्तकांचं गाव' झालंय. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी पंधरा हजारांच्या आसपास पुस्तकं, लोकांच्या ओसरीवर, माडीवर, देवळात. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून सुचलेली ती कल्पना. स्ट्रॉबेरीच्या वाफ्याशेजारी बसून कादंबरी वाचता येते, याचा आनंद मी मनापासून घेतला. पण तिथं पुस्तकं आहेत आणि वाचणारी माणसं बाहेरून येतात. माझ्या डोक्यात शिंपले होते.

म्हणून मुलांची चाळीस पुस्तकं एका पिशवीत भरली आणि निघाले. अमरावतीहून रात्रीची मुंबईची गाडी, सकाळी दादर, तिथून डहाणूची लोकल. ही लोकल विरारच्या पुढं डहाणूपर्यंत जायला लागली ती १६ एप्रिल २०१३ पासून. त्याआधी लांब पल्ल्याच्या गाड्यांवर आणि मोजक्या पॅसेंजरवर भिस्त. विरार मागं पडलं आणि मी खिडकीचे गज धरून बसले ती उठलेच नाही. मिठागरं, वैतरणेवरचा लांबच लांब पूल, चिखलात पाय रोवून उभी असलेली तिवरं, आणि ताडाची झाडं. डब्यातल्या बायका मराठीत बोलत होत्या, मध्येच गुजरातीत वळत होत्या, पुन्हा मराठीत येत होत्या, आणि कुणालाही त्यात सांधा जाणवत नव्हता. डहाणूला उतरले तर फलाटाबाहेर चिकूचे ढीग. आमच्याकडं संत्र्यांचे लागतात तसेच. रिक्षावाल्यानं सांगितलं, "घोलवडचा चिकू आहे, बाई. याला सरकारी शिक्का आहे." खरंच आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. इराणी आणि पारशी बागायतदारांनी वाढवलेल्या या वाड्यांमधून रस्ता जातो तेव्हा भर दुपारी दिवेलागणीसारखा उजेड असतो.

इथं थोडं मागं जायला हवं, कारण या रस्त्याचं एक टोक माझ्याच गावात आहे, हे मला फार उशिरा कळलं.

ताराबाई मोडक. जन्म १८९२. १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या आणि लग्न करून आल्या त्या अमरावतीला, एका वकिलाच्या घरी. १९२१ मध्ये तो संसार संपला. त्या काळात अशा बाईपुढं किती दारं उघडी असतील? ताराबाई राजकोटला गेल्या, तिथल्या स्त्री-अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. मानाची जागा, पगाराची जागा. आणि तीही सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात लहान मुलांबरोबर जमिनीवर बसायला गेल्या.

हे गिजुभाई कोण? हायकोर्टात वकिली करणारा माणूस. मुलगा झाला तेव्हा, याला वाढवायचं कसं, हा प्रश्न घेऊन ते वसो गावच्या मोतीभाई अमीन यांच्याकडं गेले. मोतीभाई म्हणजे बडोदे संस्थानातल्या वाचनालय चळवळीतला मोठा माणूस. त्यांनी गिजुभाईंच्या हातात माँटेसरी पद्धतीवरचं एक पुस्तक ठेवलं. वकिली सुटली, १९२० मध्ये बालमंदिर उभं राहिलं. वाचनालयाच्या एका माणसानं योग्य वेळी योग्य पुस्तक एका बापाच्या हाती दिलं, त्यातून गिजुभाई, गिजुभाईंकडं ताराबाई, ताराबाईंकडं अनुताई, आणि अनुताईंच्या पुस्तकापायी मी. एकतीस वर्षं देवघेवीच्या टेबलापाशी बसलेल्या बाईला यातलं पहिलंच पाऊल वाचताना काय वाटलं असेल! मी वाचकाच्या पुढ्यात पुस्तक सरकवताना कितीदा घड्याळाकडं पाहिलं असेल, तेही आठवलं.

अनुताईंची गोष्ट आणखी कठीण. १९१० साली मोरगावला जन्म. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. पुढं मिळतील तेवढ्या शाळा आणि परीक्षा त्या भुकेल्यासारख्या देत गेल्या. व्हर्नाक्युलर फायनल, मग पुण्यात शिक्षिकेचं प्रशिक्षण, चांदवडला नोकरी, मग पुण्यात हुजूरपागा. दिवसा शिकवायचं आणि रात्रीच्या शाळेत शिकायचं, असं करत १९३७ मध्ये मॅट्रिक. बी. ए. झाल्या १९६१ मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी, कोसबादला कामाचा डोंगर उपसत असताना. तेराव्या वर्षी जिचं आयुष्य संपलं असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, त्या मुलीला पुस्तकांनी हात धरून बाहेर काढलं. १९४५ मध्ये बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात तिची ताराबाईंशी गाठ पडली. ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या. दादरच्या शिशुविहारात त्यांचा जम बसलेला, 'शिक्षणपत्रिका' चाललेली, नूतन बालशिक्षण संघ देशभर पोचलेला. हे सगळं मुंबईत ठेवून त्या खेड्यात जायला निघाल्या होत्या. अनुताई बरोबर आल्या.

त्या डिसेंबरात बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं. बोर्डी तसं शाळा नसलेलं गाव नव्हतं. १९२० पासून तिथं सुनाबाई पेस्तनजी हकिमजी हायस्कूल होतं, आचार्य भिशांसारखे मोठे शिक्षक होते. पण गावाबाहेरच्या पाड्यावरचं वारली आदिवासींचं पोर त्या फाटकाशी पोचत नव्हतं. बालवाडीची घंटा वाजली तरी पोचत नव्हतं. त्याला धाकटं भावंड सांभाळायचं होतं, शेळ्या राखायच्या होत्या. शिवाय शहरी लुगड्यातली बाई दिसली की ते झाडामागं पळायचं.

मला वाटतं, या सगळ्या कहाणीचा कस इथं लागला. पुस्तकांवर जीव असलेली माणसं अशा वेळी काय करतात? आणखी मोठी घंटा आणतात, आणखी रंगीत पुस्तकं आणतात. मी तर पिशवीत चाळीस घेऊन आलेच होते. ताराबाई आणि अनुताईंनी पुस्तकं बाजूला ठेवली आणि त्या पाड्यावर गेल्या. घराच्या अंगणात बसल्या. मुलांना आंघोळ घातली, केस विंचरले, नखं कापली. मुलं ज्यांच्याशी खेळत होती त्याच वस्तू, म्हणजे शिंपले, खडे, बिया, काटक्या, पानं, मधोमध ठेवल्या आणि मोजायला, लावायला, वेगळं करायला सुरुवात केली. अंगणात भरते ती वाडी, म्हणून अंगणवाडी. हा शब्द ताराबाईंचा, या किनाऱ्यावरचा. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला. माझ्या नातवंडांच्या तोंडी जो शब्द आहे, जो मी सरकारी कागदांवर हजारदा लिहिलेला पाहिला, तो बोर्डीच्या एका शेणानं सारवलेल्या अंगणात जन्मला, हे कळल्यावर मी त्या गावाच्या गल्लीबोळांत कितीतरी वेळ नुसती हिंडत राहिले. प्रत्येक अंगण थांबून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कोसबाद. दहा-बारा वर्षं बोर्डीत काढून केंद्र या टेकडीवर आलं, कारण वारली पाडे या बाजूला होते. रिक्षा चढणीला हळू झाली तशी मी उतरले आणि चालायला लागले. साग, मोहाची झाडं, मध्येच चिकूची कलमं. गोखले एज्युकेशन सोसायटीची कृषी संस्थाही याच परिसरात. वर पोचल्यावर मागं वळून पाहिलं तर पश्चिमेला झाडांच्या शेंड्यांवर एक फिकट पट्टा होता. तो समुद्र. आज तो परतला होता.

टेकडीवर आजही मुलांचा कलकलाट आहे. अनुताई २७ सप्टेंबर १९९२ ला गेल्या, ताराबाई त्यांच्याआधी १९७३ ला. दोघींना पद्म किताब मिळाले, ताराबाईंना १९६२ ला पद्मभूषण, अनुताईंना १९८५ ला पद्मश्री. पण मला भेटलेल्या मावशींना यातलं काही सांगावंसं वाटलं नाही. त्या इथंच बालसेविकेचं शिक्षण घेतलेल्या, आता सत्तरीच्या, पाड्यावर राहणाऱ्या. ओळखपाळख नसताना त्यांनी मला हाताला धरून दगडावर बसवलं आणि कुरणशाळेचं सांगायला लागल्या.

मोठी मुलं गुरांमागं जायची, म्हणून शाळाच गुरांमागं गेली. शिक्षक पाट्या घेऊन कुरणात जायचे. गुरं चरायला लागली की झाडाखाली शाळा भरायची. गाय दुसऱ्याच्या शेतात शिरली की एक पोरगं उठून जायचं, वळवून आणायचं आणि येऊन पुन्हा आपल्या जागी बसायचं. "हजेरी घेताना आधी गुरं मोजायचो," मावशी म्हणाल्या. "गुरं पुरी, तर पोरं पुरी." मग त्यांनी दोन्ही हातांनी हवेत एक गोल दाखवला. झाडाची सावली सरकेल तसा मुलांचा गोल सरकायचा. शाळा सुरू व्हायची तेव्हा पोरं खोडाच्या एका अंगाला आणि सुटायची तेव्हा दुसऱ्या अंगाला.

एवढं एक चित्र मला आयुष्यभर पुरेल. आमच्या वाचनालयाच्या भिंतीवर वेळा लिहिलेल्या होत्या, सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी पाच ते आठ. त्या वेळांत न येऊ शकणारा माणूस वाचक नाही असंच आम्ही धरून चाललो. कापूस वेचणाऱ्या बाया त्या रस्त्यानं दिवस मावळताना परतायच्या आणि पहाटे जायच्या. त्यांच्यासाठी आमचं कुलूप कधी उघडलं नाही. मला ते कधी सुचलंही नाही, याचं दुःख कोसबादच्या त्या दगडावर बसून पहिल्यांदा झालं.

मावशींनी आग्रह करून घरी नेलं. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप, आत थंड अंधार. दाराजवळच्या भिंतीवर गेरू सारवून त्यावर तांदळाच्या पिठानं काढलेला लग्नाचा चौक होता, नातीच्या लग्नातला, जरासा पुसट झालेला. मधोमध पालघट देवी, भोवती नक्षीची चौकट, कडेनं तारप्याच्या तालावर नाचणारी माणसं. चौक काढायचा मान सवाशिणींचा. जुन्या मराठीत चित्र 'लिहितात', ते मला त्या अंधारात आठवलं. ज्या समाजाला आम्ही निरक्षर म्हणत आलो, त्याच्या घरातली भिंत लिहिलेली होती. याच तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे लहानपणी आईच्या जाण्यानं मुके झाले होते आणि धुळीत रेघा ओढून बोलायचे. पुढं भास्कर कुलकर्णींसारख्यांची नजर त्यांच्या चित्रांवर पडली, जगभर प्रदर्शनं झाली आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. धुळीपासून सुरुवात. इथं सगळ्यांचीच सुरुवात हाताशी असेल त्याच्यापासून झालेली दिसते.

तांदळाची भाकरी, उडदाची आमटी आणि तव्यावर परतलेली सुकट असं जेवले. ज्वारीवर वाढलेल्या माझ्या जिभेला तांदळाची भाकरी हे नवलच. ती कापसासारखी मऊ होती, मोडली तरी आवाज नाही.

संध्याकाळी तलासरीला जायला जीप मिळाली. आत बसलेल्या माणसांपेक्षा बाहेर लटकलेली जास्त. तलासरी म्हणजे महामार्गाला लागून असलेलं गाव. ट्रकांची रांग अच्छाडच्या नाक्याकडं सरकत होती, पलीकडं गुजरात. मला मात्र झरी गाव पाहायचं होतं. वाटेत झरीच्या फाट्यावर उतरून मी थोडी चालत आत गेले. भातखाचरं कापून झालेली, बांधावर ताड, दूरवर कुणीतरी पेंढा रचत होतं. बघायला काहीच नाही. आणि तरीही याच ठिकाणी २३ मे १९४५ ला हजारो वारली जमले होते.

गोदावरी परुळेकरांचं नाव तलासरीत सांगावं लागत नाही, तिथल्या महाविद्यालयाच्या फाटकावरच ते आहे. पुण्यातल्या सुस्थितीतल्या गोखल्यांची मुलगी, कायद्याची पदवीधर, भारत सेवक समाजाची पहिली स्त्री सदस्य, तीसच्या दशकाअखेरीस प्रौढ साक्षरतेच्या मोहिमेत राबलेली. तिच्याकडंही अक्षरंच होती. पती शामराव परुळेकरांबरोबर ती या भागात आली तेव्हा वारल्यांची अवस्था अशी की, लग्नासाठी जमीनदाराकडून थोडं कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडं जन्मभर राबायचं. अशांना लग्नगडी म्हणत. बाकीच्यांना वेठ होतीच. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याच्या किसान सभेच्या अधिवेशनाला इथले थोडे वारली गेले, त्यांत झरीचे माह्या धांगडा होते. आणि मे महिन्यात झरीला परिषद भरली. वेठ द्यायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, हे तिथं ठरलं. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्यांचे चार साथी गेले. आजही तो दिवस इथं पाळतात.

मला थक्क केलं ते सालानं. १९४५. मे महिन्यात झरीला गोदावरीबाई, डिसेंबरात बोर्डीला ताराबाई आणि अनुताई. मध्ये फार तर बैलगाडीच्या एका दिवसाचं अंतर. एक लाल बावटा घेऊन आलेली, दोघी बालशिक्षण घेऊन. रस्ते वेगळे, विचार वेगळे. पण तिघींचीही पहिली आयुष्यं शहरात, पुस्तकांत, परीक्षांत गेलेली आणि दुसरी आयुष्यं इथं, लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांच्या अंगणात सुरू झालेली. गोदावरीबाईंनी या दिवसांवर पुस्तक लिहिलं, 'जेव्हा माणूस जागा होतो'. ते आलं १९७० ला, म्हणजे झरीनंतर पंचवीस वर्षांनी, आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते आमच्या वाचनालयात होतं. दोनदा बाइंडिंग केलेलं, मधली पानं सुटलेली. बाइंडिंगवाल्याकडून परत आल्यावर मी ते कधी पुरस्कारप्राप्त म्हणून वेगळ्या कपाटात लावलं, कधी आत्मचरित्रांत. त्यातली पंचवीस वर्षं मला तेव्हा दिसली नव्हती. ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांच्याबरोबर आधी पंचवीस वर्षं राहायचं आणि मग पहिलं पान लिहायचं. झरीच्या बांधावर बसून मी बोटांवर मोजलं. मी आज सुरुवात केली तर सत्त्याऐंशीव्या वर्षी.

रात्री तलासरीत झोप लागली नाही. महामार्गावरचे ट्रक आणि डोक्यात ती पुस्तकांची पिशवी. सकाळी उठून पहिल्या जीपनं पुन्हा मावशींच्या पाड्यावर आले.

त्यांनी आश्चर्य दाखवलं नाही. "बसा, बाई," म्हणाल्या आणि आत चहा ठेवायला गेल्या. अंगण नुकतंच सारवलेलं, अजून ओलसर. पाच-सहा मुलं कुडाच्या कोपऱ्यावरून डोकावत होती. मी पिशवीतून सगळ्यात रंगीत पुस्तक काढलं आणि मोठ्यानं वाचायला लागले, वाचनालयाच्या बालदिनाला वाचायचे तशी, आवाज चढवून, हातवारे करून. दोन पानं झाली. मुलं होती तिथंच होती, एक तर निघूनही गेलं. माझा घसा कोरडा पडला.

मावशी चहा घेऊन बाहेर आल्या. "पुस्तक राहू द्या जरा," त्या हळूच म्हणाल्या. "आमच्या ताई आधी पोरांचं ऐकायच्या."

मी पुस्तक मिटलं. काय करावं कळेना. मग आठवलं, पिशवीच्या तळाशी रुमालात बांधलेले बोर्डीचे शिंपले होते. गाठ सोडली आणि ते अंगणात ओतले. त्या खुळखुळाटासरशी मुलं जवळ आली. कुणी काही सांगितलं नाही. एकानं मोठे वेगळे काढले, दुसऱ्यानं जांभळे. एका मुलीनं लहानात लहानापासून मोठ्यात मोठ्यापर्यंत रांग लावली, मग मधला एक उचलून दोघांच्या मध्ये सरकवला, पुन्हा काढला, पुन्हा नीट पाहून दुसरीकडं ठेवला. तिचे ओठ हलत होते. भांडण झालं, मिटलं, पुन्हा मोजणी झाली. मी अंगणात मांडी घालून गप्प बसले होते. इतक्या वर्षांत इतका वेळ मी कुठल्याही वाचकाकडं पाहिलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं ती रांग लावणारी पोर, सहाएक वर्षांची असेल, माझ्याजवळ सरकली आणि तिनं मिटलेलं पुस्तक स्वतःच ओढून घेतलं. उलटं धरलं होतं. चित्र बघून सरळ केलं. पानं उलटत गेली आणि आगगाडीच्या चित्रावर थांबली. मग बोलायला लागली, माझ्याशी नाही, त्या चित्राशी. तिची बोली मला अर्धीच कळत होती, उरलेली मावशी सांगत होत्या. भात झोडून झालं की तिचे आई-बाप वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर येतात. गेल्या साली तीही गेली होती. तिथं रात्री गाडीचा आवाज यायचा. बाप म्हणायचा, ही गाडी आपल्या गावाकडं जाते. चित्रातल्या एका खिडकीवर तिनं बोट ठेवलं. तिथं चित्रकारानं काही काढलेलं नव्हतं, नुसता पिवळा चौकोन होता. "इथं आई बसलीय," ती म्हणाली.

मी पेन काढलं. पुस्तकाच्या शेवटी एक कोरं पान असतं, तिथं आम्ही देवघेवीची चिठ्ठी चिकटवायचो. त्या पानावर मी ती म्हणाली तसं लिहीत गेले, तिच्या शब्दांत, अडलं तिथं मावशींना विचारून. ती माझ्या खांद्याला टेकून बघत होती. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. एका ठिकाणी तिनं मान जोरात हलवली. मी 'वीटभट्टी' लिहिलं होतं. तिच्या तोंडी नुसती 'भट्टी' होती. मी 'वीट' खोडलं. पुन्हा वाचलं.

मग तिनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं, मांडीवर ठेवलं, कोपऱ्यातल्या पोरांना हाकारून जवळ बसवलं आणि त्या पानावर बोट फिरवत, पाठ झालेलं सगळं पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. बोट ओळीच्या पुढं पळत होतं. खिडकीशी आल्यावर ते थांबलं, तिनं मागची पानं उलटून पिवळा चौकोन सगळ्यांना दाखवला आणि मग पुढं गेली.